स्पर्धा कवितेची, कसोटी नियमांची

‘कवितेची स्पर्धा’ हा शब्दप्रयोगच अनेक रसिकांना खटकतो. कविता म्हणजे काही धावण्याची शर्यत नव्हे, मग पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक कोणत्या फुटपट्टीने लावायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या सुमारास, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनानिमित्त, शाळा-महाविद्यालयांतून काव्यलेखन स्पर्धा होतात. ‘माझी मायबोली’ किंवा ‘पाऊस’ असा विषय दिला जातो, शे-दीडशे कविता गोळा होतात आणि परीक्षक आपल्या आवडीप्रमाणे तीन निवडतात. न निवडल्या गेलेल्यांना आपले काय चुकले हे कधीच कळत नाही, कारण बहुधा काहीच चुकलेले नसते. आवड ही आवड असते, तिला कारण देता येत नाही.

स्पर्धेचा दुसरा एक प्रकार मात्र या आक्षेपातून बराचसा सुटतो. त्यात ‘उत्तम कविता लिहा’ असे कोणी सांगत नाही. प्रत्येक ओळीत आठच अक्षरे हवीत. शेवटची ओळ आम्ही देऊ, वरच्या तीन तुम्ही लिहा. पावसावर लिहा पण ‘प’ हे अक्षर एकदाही येऊ देऊ नका. एकच शब्द दोन अर्थांनी वापरा, अशी आव्हाने त्यात असतात. इथे कवी एकमेकांशी भिडण्याआधी नियमाशी भिडतात. कबड्डीत मैदानाची रेघ दोन्ही संघांना सारखीच असते, तसेच हे. नियम पाळला की मोडला हे कोणालाही मोजून सांगता येते, त्यामुळे हरणाऱ्याचा अपमान होत नाही आणि जिंकणाऱ्याला वशिल्याचा ठपका लागत नाही. मित्रांची मैत्री टिकवून कवितेची चुरस लावायची असेल, तर याहून बरा मार्ग नाही.

मोबाइल घरोघरी पोहोचल्यापासून असा खेळ दूरदूरच्या माणसांत रंगवणे सोपे झाले आहे. सोमवारी आव्हान द्यावे, रविवारपर्यंत उत्तरे यावीत. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरचे निवृत्त प्राध्यापक, पुण्यातली संगणक अभियंता आणि परदेशी स्थायिक झालेले मराठी कुटुंब एकाच फेरीत उतरू शकतात. आता या तिघांच्या जोडीला चौथा स्पर्धक त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलचा आहे, असे समजू. नाशिकहून गिरणारे ओलांडून, वाघेऱ्याचा घाट चढून-उतरून जिथे पोहोचायचे, ते हे डोंगरातले बाजाराचे गाव. पुढे गुजरातची सीमा दूर नाही. भोवतीच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. शेतात भात, नागली आणि वरई पिकते. घरात बोलली जाते ती बोली पाठ्यपुस्तकातली नव्हे. शाळेची मराठी इथल्या मुलाला बऱ्याच अंशी नव्याने शिकावी लागते. असा मुलगा किंवा मुलगी त्या प्राध्यापकांच्या बरोबरीने या खेळात उतरू शकेल काय? याचे उत्तर त्या मुलाच्या प्रतिभेपेक्षा आयोजकाने निवडलेल्या नियमांवर अधिक अवलंबून आहे, आणि नेमके हेच बहुतेक आयोजकांच्या ध्यानात येत नाही.

जुन्यांचे खेळ

नियमबद्ध कवितेची चुरस ही आंतरजालाची देणगी नाही. संस्कृतातील ‘समस्यापूर्ती’ हा तिचा सर्वपरिचित नमुना. राजाने किंवा सभेतल्या कोणी श्लोकाचा एक चरण द्यायचा, बहुधा असा की जो ऐकताच अशक्य किंवा विसंगत वाटावा, आणि कवीने उरलेले चरण रचून त्या विसंगतीतून वाट काढायची. भोजराजाच्या दरबारातल्या अशा प्रसंगांच्या कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त भरपूर आहेत. त्या इतिहास म्हणून वाचायच्या नसतात. खेळाचे नियम कळण्यासाठी मात्र त्या उत्तम आहेत.

तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत हा खेळ ‘अवधान’ या नावाने आजही जिवंत आहे. अष्टावधानात एका कवीभोवती आठ पृच्छक बसतात. एक समस्या देतो. दुसरा ‘दत्तपदी’ म्हणून चार शब्द देतो व ते श्लोकात आणायला सांगतो. तिसरा ‘निषिद्धाक्षरी’ घेतो, म्हणजे कवीने एक अक्षर उच्चारले की पुढे कोणते अक्षर चालणार नाही हे तो तिथल्या तिथे बजावतो. या आठांत एकाचे काम फक्त व्यत्यय आणण्याचे असते. ‘अप्रस्तुतप्रसंग’ या नावाखाली तो मध्येच भलतेसलते प्रश्न विचारून कवीला आणि सभेला हसवत राहतो. मैत्रीची स्पर्धा भरवणाऱ्यांनी ही एक खुर्ची जरूर उसनी घ्यावी. गंभीर परीक्षक हवे तेवढे मिळतात, पण फेरी हलकी ठेवणारा माणूस मुद्दाम नेमावा लागतो.

उर्दू मुशायऱ्यातली ‘तरही’ हीही याच घराण्यातली. एक ओळ दिली जाते आणि तिच्यातले वृत्त, काफिया व रदीफ सांभाळून प्रत्येकाने आपली गझल लिहायची असते. मराठीत गझल रुजवण्याचा पद्धतशीर प्रयत्न माधव जूलियनांनी केला आणि पुढे सुरेश भटांनी ती घराघरांत नेली. नवोदितांसाठी भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. तंत्राची पुस्तिका देऊन ‘आता तुम्हीही लिहा’ असे म्हणणारा गुरू स्पर्धेच्या आयोजकाला आदर्श वाटावा. नियम आधी समजावून सांगितला, तरच तो नियम. निकालाच्या दिवशी जो पहिल्यांदा कळतो तो सापळा.

जपानमध्ये नवव्या शतकापासून ‘उता-आवासे’ नावाच्या काव्यस्पर्धा होत. डावा आणि उजवा असे दोन पक्ष, दोघांना एकच विषय, दोन्हीकडून एकेक छोटी कविता आणि परीक्षकाचा निर्णय. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे ‘बरोबरी’ हा निकाल तिथे अगदी सर्रास दिला जाई. आपल्याकडे बरोबरी म्हणजे परीक्षकाचा पळपुटेपणा मानला जातो, तो का, हे कळत नाही.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा तर याहून खडी आहे. शाहिरीतले कलगी आणि तुरा हे दोन पक्ष. परंपरेप्रमाणे त्यांची मुळे तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्यापर्यंत नेली जातात. तुरेवाले शिवाचे म्हणजे पुरुषतत्त्वाचे, तर कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडतात. समोरासमोर उभे राहून एकाने कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तो फोडायचा आणि उलट आपला टाकायचा. हेच सवाल-जवाब आणि हीच भेदिक शाहिरी. संगमनेरचे अनंत फंदी, सिन्नरजवळच्या बावीचे परशराम यांच्यासारखे शाहीर याच नाशिक-नगरच्या पट्ट्यात होऊन गेले. कोकणात जाखडी नृत्याच्या रूपाने शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात, आणि चाकरमान्यांबरोबर ते मुंबईच्या नाट्यगृहांतही पोहोचले आहेत. तिथला परीक्षक म्हणजे समोरचा श्रोता. प्रश्न अडला की नाही हे त्याला कळते, कारण त्याच पुराणकथांवर तोही वाढलेला असतो.

एकट्याने खेळायचा खेळही आपल्याकडे होता. त्याचे सम्राट मोरोपंत (१७२९ ते १७९४). बारामतीत राहून त्यांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली, म्हणजे रामाची एकच कथा नव्या नव्या बंधनांत शंभराहून अधिक वेळा सांगण्याचा संकल्प सोडला. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठ न जुळता उच्चारायचे, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. या नियमाचा अर्थ क्षणभर थांबून ध्यानात घ्यावा. रामायण सांगायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही! ‘लक्ष्मण’ गेला, ‘भरत’ गेला, ‘बिभीषण’ तर दोनदा गेला. ‘दशरथ’, ‘सीता’ आणि ‘कैकेयी’ तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. नायकाचे नाव घेता येत नाही म्हटल्यावर त्याला त्याच्या नात्यांनी, कृत्यांनी आणि गुणांनी ओळखवावे लागते. वर्ज्य अक्षराचा खरा उपयोग हाच. जवळचा शब्द काढून घेतला की लेखणीला लांबच्या शब्दाकडे जावे लागते.

याच कल्पनेचा पूर्वज दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त आहे. तिथे मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, आणि त्याचे कारण मोठे गोड आहे: प्रेयसीने त्याचे ओठ दुखावलेले असतात. पॅरिसमध्ये १९६० साली रेमों केनो आणि फ्रान्स्वा ल लिओने यांनी ‘ऊलिपो’ हे बंधनप्रिय लेखकांचे मंडळ स्थापन केले आणि त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ साली फ्रेंचमधील सर्वाधिक वापराचा ‘इ’ हा वर्ण टाळून अख्खी कादंबरी लिहिली, तेव्हा साहित्यजगताला मोठे नवल वाटले. बारामतीला ते वाटले नसते.

बोटांवर मोजता येईल ते

आता नियमांच्या निवडीकडे वळू. मराठी पद्याची मोजमापे ढोबळमानाने तीन. अक्षरगणवृत्तात अक्षरांची संख्या आणि प्रत्येक अक्षराचे लघु-गुरुत्व दोन्ही ठरलेले असते. मात्रावृत्तात किंवा जातीत लघूची एक व गुरूच्या दोन असे धरून एकूण मात्रा मोजतात. अक्षरछंदात मात्र केवळ अक्षरे मोजायची. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच येत नाही. ओवी आणि अभंग या तिसऱ्या घरातले. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. हे माप नामदेवांच्या नावावरच्या एका अभंगातच सांगितलेले आढळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात.

भुजंगप्रयाताचा चरण बारा अक्षरांचा, आणि त्यात ‘लघु-गुरु-गुरु’ हा तुकडा चार वेळा येतो. ‘निघाली गुरे ही नदीच्या दिशेने’ ही ओळ त्यात चपखल बसते: नि-घा-ली, गु-रे-ही, न-दी-च्या, दि-शे-ने. हे वृत्त कानाला सोपे आहे आणि शाळेत शिकवलेही जाते. अडचण लिहिताना येते. ‘फूल’, ‘दूध’, ‘मूल’, ‘खीर’ यांतले पहिले अक्षर प्रमाणलेखनात दीर्घ. घरी ज्याने हे शब्द केवळ ऐकले आहेत, तो ‘फुल’, ‘दुध’ असे लिहून मोकळा होतो आणि त्याच्या चरणातली एक मात्रा कागदावर हरवते. परीक्षक लाल रेघ मारतो. कवीच्या कानाने काहीच चूक केलेली नसते. चुकलेला असतो तो लेखननियम. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालचे, त्यांत १९७२ साली भर पडून ते १८ झाले. खुद्द त्या नियमांनी पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक कवीला दिली आहे. स्पर्धेच्या परीक्षकांना हे कलम क्वचितच आठवते.

म्हणून चौघांच्या त्या कल्पित स्पर्धेची पहिली फेरी वृत्ताची नसावी, अष्टाक्षरीची असावी. आठ अक्षरांची ओळ बोटांवर मोजता येते. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, एवढेच सांगावे लागते. उदाहरण म्हणून हरसूलच्या वाटेवरचा हा चौचरणी तुकडा घ्या:

वाघेऱ्याच्या घाटामधी
धुकं उतरलं बाई
नागलीच्या शेताकडं
वाट दिसायाची नाही

प्रत्येक ओळीत अक्षरे बरोबर आठ. ‘धुकं’ लिहा की ‘धुके’, ‘शेताकडं’ लिहा की ‘शेताकडे’, मोजणी बदलत नाही. ‘दिसायाची’ला व्याकरणाचा परीक्षक हरकत घेईल, पण छंदाला त्याची कसलीच हरकत नाही. अक्षरछंदाचे हे औदार्य योगायोगाने आलेले नाही. हा छंद लिहिणाऱ्यांनी नव्हे, म्हणणाऱ्यांनी घडवला. जात्यावर बसलेल्या बायकांनी आणि दिंडीत चालणाऱ्या वारकऱ्यांनी. हरसूल ज्या तालुक्यात आहे त्या त्र्यंबकेश्वरात निवृत्तिनाथांची समाधी आहे, पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात, आणि अभंगाचे माप त्या परिसरात कोणाला शिकवावे लागू नये. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाण्यांतूनच विधी चालवते. तेराव्या शतकात महदंबेने रचलेले ‘धवळे’ही विवाहगीतेच होती. हे धागे एकमेकांशी कसे जुळतात यावर अभ्यासकांनी बोलावे; लग्नमांडवात छंद सांभाळून गाणाऱ्या बाईला अष्टाक्षरीची भीती वाटणार नाही, एवढे खरे.

अक्षर न शिकलेल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, १९५२ साली पुस्तकरूपाने प्रकाशित करवली. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना त्याला लाभली. ती गाणी कोणा प्रमाणलेखनाच्या परीक्षकापुढे आधी गेली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच करवत नाही.

दुसऱ्या फेरीला समस्या द्यावी. समस्येची ओळ निवडणे हीच खरी कला आहे. ‘आला पावसाळा’ अशी गुळमुळीत ओळ दिली की उत्तरेही गुळमुळीत येतात, कारण तिच्यात सोडवायचे असे काहीच नाही. ओळीत एखादी गाठ हवी. समजा, ओळ दिली ‘उन्हाळ्यात पूर आला’. अक्षरे आठ, आणि गोष्ट अशक्य. हरसूल परिसरात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि चैत्र-वैशाखात त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. शहरातल्या स्पर्धकाला ही ओळ केवळ कोडे वाटेल. तिथल्या स्पर्धकाला ती झोंबेल. तिचे एक उत्तर असे असू शकते:

विहिरीत थेंब नाही
लेकी आल्या माहेराला
आईच्या गं डोळ्यांतून
उन्हाळ्यात पूर आला

कोडे सुटले, अक्षरे जुळली, आणि विहिरीची स्थितीही सांगून झाली. दुसरा कोणी याच ओळीला लग्नसराईतल्या पाहुण्यांचा पूर जोडील, तिसरा निवडणुकीतल्या आश्वासनांचा. एकाच ओळीची दहा उत्तरे शेजारी ठेवून वाचण्यात जी गंमत आहे, ती दहा स्वतंत्र कविता वाचण्यात येत नाही. वाचक आपोआपच तुलना करू लागतो आणि नकळत चांगला परीक्षक होतो.

तिसरी फेरी वर्ज्य अक्षराची. पावसावर चार ओळी, ‘प’ नको. ‘पाऊस’ गेला, ‘पाणी’ गेले, ‘पूर’, ‘पागोळी’, ‘पालवी’ सगळे गेले. नागर स्पर्धकाच्या हाती सर, धार, ओल, चिखल, आभाळ एवढेच उरते आणि तो शब्दकोशाकडे धावतो. हरसूलच्या शेतकरी घरातल्या मुलीला मात्र शब्दांची ददात पडत नाही: राब, आवणी, इरले, बांध, चिखलणी. भाताची रोपे लावण्याच्या कामाला तिच्याकडे ‘आवणी’ हा शब्द तयार आहे. शहरात त्याचा अर्थ विचारावा लागेल. ज्या बोलीमुळे वृत्ताच्या फेरीत गुण कापले गेले असते, तीच बोली या फेरीत तिची श्रीमंती ठरते. वर्ज्य अक्षर कोणते घ्यायचे हे तारतम्याने ठरवावे. ‘ठ’ किंवा ‘ढ’ वर्ज्य केले तर कोणाला जाणवणारही नाही; ‘त’ किंवा ‘ल’ वर्ज्य केले तर भूतकाळ-वर्तमानकाळाची निम्मी क्रियापदेच नाहीशी होतात आणि नवोदित पहिल्याच फेरीत घर गाठतो.

डोळ्यांची कोटी, कानांची कोटी

शब्दांच्या खेळात मराठीची स्वतःची काही गुपिते आहेत आणि पडद्यावरच्या स्पर्धेत ती हमखास उघडी पडतात. च, ज, झ या अक्षरांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘जग सुंदर आहे’ यातला ‘जग’ आणि ‘नीट जग’ यातला ‘जग’ लिहायला एक, उच्चारायला वेगळे. ‘चार गुरे’ आणि ‘गुरे चार’ यांतही तोच फरक. यांवर रचलेला श्लेष पडद्यावर वाचणाऱ्याला लगेच सापडतो, मोठ्याने म्हणून दाखवला की फसतो. उलट काही कोट्या फक्त कानाच्या असतात आणि लिहिताना त्या मरतात. अनुप्रासाचेही तसेच: ‘च’ने सुरू होणारे चार शब्द ओळीत मांडले तरी त्यांतले दोन तालव्य आणि दोन दंततालव्य असतील तर कानाला अनुप्रास दिसत नाही. तेव्हा या फेरीची परीक्षा डोळ्यांनी होणार की कानांनी, हे आव्हान देतानाच जाहीर करावे. नाहीतर वाद ठरलेला.

विलोमपदांचा, म्हणजे उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या वाक्यांचा मराठीत मोठा सोस आहे. ‘ती होडी जाडी होती’ हे अक्षरशः उलट वाचता येते. ‘चिमा काय कामाची’ हे त्याहून प्रसिद्ध, पण काटेकोर पाहिले तर पहिला ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटचा ‘ची’ दीर्घ. म्हणजे शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे वाक्य नापास आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण! या प्रांतातला विक्रम सोळाव्या शतकातल्या सूर्यदासांच्या नावावर आहे. गोदातीरीच्या पार्थपूरच्या या ज्योतिर्विदाने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ नावाचे संस्कृत काव्य रचले. ते सरळ वाचले तर रामकथा, उलट वाचले तर कृष्णकथा. स्पर्धेत एवढे कोणाकडून अपेक्षू नये. एका ओळीचे विलोमपद साधले तरी टाळ्या द्याव्यात.

वेगळ्या प्रकारचा शब्दखेळ हवा असेल तर ‘उखाणा’ हाताशी आहे. नाव कुठे आले पाहिजे ते ठरलेले, यमक ठरलेले, बाकी सारे मोकळे. लग्नातला हा उखाणा गावाच्या, ऋतूच्या, अगदी बंद पडलेल्या एसटीच्या नावानेही घेता येतो. सगळ्यांत अधिक हशा याच फेरीला पिकतो. विडंबनाची फेरी मात्र जपून घ्यावी. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) वाचून हसलेल्या महाराष्ट्राला विडंबनाचे वावडे नाही; पण अत्र्यांनी नावाजलेल्या कवींची टोपी उडवली होती, शेजारच्या खुर्चीतल्या नवख्याची नव्हे. सहस्पर्धकाच्या कवितेचे विडंबन त्याच्या संमतीवाचून स्पर्धेत घेऊ नये.

गझलेची तरही आणि गणवृत्ते सर्वांत शेवटी. तोवर ज्यांना चटक लागली आहे ते लघु-गुरु आपणहून शिकतात. ज्यांना शिकायचे नाही त्यांनी त्या फेरीत श्रोता व्हावे. त्यात कमीपणा नाही.

निकाल कसा लावावा

परीक्षेचे दोन भाग काटेकोरपणे वेगळे ठेवले तर निम्मी भांडणे होत नाहीत. पहिला भाग पात्रतेचा: अक्षरे मोजली, वर्ज्य अक्षर शोधले, यमक पाहिले. हे काम परीक्षकाचे नाही, सर्वांचे आहे. कोणाच्या ओळीत नववे अक्षर सापडले तर ते दाखवून द्यावे आणि मुदत संपेपर्यंत दुरुस्तीची संधी द्यावी. खेळकर स्पर्धेत कोणाला बाद करण्याची घाई कशासाठी? दुसरा भाग पसंतीचा. इथे रचना नावांवाचून, केवळ क्रमांकाने मांडाव्यात. प्राध्यापकांचे नाव दिसले की मते तिकडे झुकतात, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. प्रत्येक स्पर्धकाने स्वतःची सोडून दोन रचनांना मत द्यावे आणि मत देताना एक वाक्याचे कारण लिहावे. ‘छान’, ‘वा’, ‘अप्रतिम’ हे कारण नव्हे. ‘तिसऱ्या ओळीत कोडे सुटेल असे वाटले नव्हते’ हे कारण आहे. अशा वाक्यांनी नवोदिताला जे मिळते ते कोणत्याही प्रशस्तिपत्राने मिळत नाही.

मते समान पडली तर बरोबरी जाहीर करावी. विजेत्याला बक्षीस म्हणून पुढचे आव्हान देण्याचा मान मिळावा. याचा एक फायदा असा की आव्हान देणारा स्वतः त्या फेरीत खेळत नाही, त्यामुळे एकच व्यक्ती सलग जिंकत राहत नाही. दुसरा असा की आव्हानांचा स्वभाव बदलत राहतो. गणितज्ञ जिंकला तर चौकटी येतात, कीर्तनकार जिंकला तर आख्याने. ज्याला नियम बनवावा लागतो त्याला दुसऱ्याने बनवलेल्या नियमाचीही कदर वाटू लागते.

मुदतीचा प्रश्न वरवर किरकोळ, प्रत्यक्षात कळीचा. ‘जो पहिला पाठवील त्याला जादा गुण’ ही अट मैफलीत शोभते. वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांच्या स्पर्धेत ती अन्यायाची ठरते, कारण डोंगरातल्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच. द्राक्षांच्या हंगामात पश्चिमेकडच्या आदिवासी तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे मजुरीला गेलेली असतात. त्यांच्यातल्या कोणाला लिहायला वेळ मिळाला तर तो रात्रीच. आठवड्याची मुदत, आणि त्यात कधीही पाठवलेली रचना सारखीच, हा नियम बरा.

अखेरची सूचना लिपीविषयी. फोनवर देवनागरी टंकणे अनेकांना आजही जड जाते. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे तर विशेषच. त्यांना रचना आवाजात पाठवण्याची मुभा असावी. आठ अक्षरे ऐकूनही मोजता येतात, किंबहुना अक्षरछंद मुळात ऐकूनच मोजायचा असतो. स्पर्धकांपैकी एकाने त्या फेरीपुरते लेखनिक व्हावे, ऐकलेले जसेच्या तसे उतरवावे, ‘शेताकडं’चे ‘शेताकडे’ करू नये आणि उतरवलेले पुन्हा म्हणणाऱ्याला वाचून दाखवावे. त्याने होकार दिला की मगच त्या रचनेला क्रमांक द्यावा.